थायलंडच्या विहारांतले ताईत-पदकं आणून इकडे विकावीत का? जाणकारांनी सांगा

तापीकाठ (भुसावळ)
सगळ्यांना जय भीम. भुसावळला आमचं इमिटेशन ज्वेलरीचं दुकान आहे. लग्नसराई सोडली तर गिऱ्हाईक थंडच असतं. माझा मावसभाऊ बँकॉकला हॉटेलात कामाला आहे. तो मागे आला तेव्हा तिथल्या विहारांतली बुद्धाची छोटी पदकं घेऊन आला होता. काही मातीची, काही पितळेची, पारदर्शक डबीत बसवलेली, वरून कडी. शंभर-दोनशे बाहतपासून (तिथलं चलन) मिळतात म्हणाला. घरात सगळ्यांनी हातोहात उचलली, शेजारचेही मागायला आले.

तेव्हापासून डोक्यात आहे, की हा माल थेट तिथल्या विहारांतून उचलावा आणि ३१ जुलैला धुळ्याजवळ लांडोर बंगल्यावर आपली माणसं जमतात तिथे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि ऑनलाइनही विकावा. ‘विहारातून आणलेलं, भंतेजींनी मंत्रलेलं’ असं लिहिलं तर भावही बरा मिळेल. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विहारवाले घाऊक देतात का? आणताना कस्टमचं काय होतं? आणि आपल्या समाजात हे चालेल का? जे असेल ते स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही.

शेवभाजी_पारोळा
कल्पना छान आहे भाऊ. लांडोर बंगल्याला आम्ही दरवर्षी येतो. तिथे पुस्तकं, निळे झेंडे, कॅलेंडर, मूर्ती भरपूर असतात, पण गळ्यात घालायचं चांगलं काही मिळत नाही. जे मिळतं त्याचा रंग पहिल्या पावसात उतरतो.

धम्मसंध्या (जळगाव)
तापीकाठ दादा, तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्टच लिहिते. पदक विकायला माझी हरकत नाही. ‘मंत्रलेलं’ म्हणून विकायला मात्र ठाम हरकत आहे.

आमच्या आजीच्या दंडाला पितळेचा ताईत होता. घरातल्या प्रत्येक पोराच्या कमरेला काळा करदोडा आणि त्यात काहीतरी गुंडाळलेलं असायचं. १९५६ नंतर गावात दीक्षा झाली तेव्हा आजीने स्वतःच्या हाताने ते सगळं सोडवलं आणि नदीत टाकलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोराचा ताप दवाखान्यात उतरतो, ताईताने उतरत नाही, एवढं तिला त्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. माझ्या वडलांना तिने शाळेत घातलं ते त्याच जोरावर. आता तिच्याच पणतवंडांच्या गळ्यात आपण ‘भंतेजींनी मंत्रलेला’ ताईत घालायचा आणि वर पैसे घ्यायचे? नाव बुद्धाचं असलं म्हणून ताईत काही बदलत नाही.

पाचवा_मैल (धुळे)
ताई, भावना कळते, पण धंद्याला धंदा म्हणून बघा. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. त्यात पदकं कुठेच नाहीत. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ताईत हा शब्द नाही. आपला माणूस दुकान चालवू पाहतोय, त्याला अडवू नका. थायलंडची माणसंही बौद्धच आहेत, ती गळ्यात घालतात तर ती काय अडाणी आहेत का?

धम्मसंध्या (जळगाव)
थायलंडच्या लोकांना मी अडाणी म्हटलेलं नाही. त्यांची परंपरा त्यांची. पण निकायच उघडायचे तर दीघ निकायातलं पहिलंच सुत्त घ्या, ब्रह्मजाल. त्यात मंत्र, रक्षा, शकुन, भविष्य सांगणं यांवर पोट भरण्याला ‘तिरच्छान विज्जा’, म्हणजे हीन विद्या, म्हटलंय आणि श्रमण गौतम यांपासून दूर राहतो असं म्हटलंय. ते भिक्खूंसाठी आहे, हे मान्य. पण भिक्खूने जे करू नये त्याचीच जाहिरात करून उपासकाने नफा घ्यावा, हे मनाला पटत नाही.

चाओफ्रायाकाठ (मूळ अमळनेर, सध्या बँकॉक)
उशिरा आलो, पण इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या, की इथला विहार म्हणजे होलसेलची पेढी नाही. विहाराला नवं सभागृह बांधायचं असतं, छप्पर दुरुस्त करायचं असतं, त्यासाठी पदकांची एक खेप काढतात. घडवतात बहुतेक बाहेरच्या कारखान्यात, साच्यातून. मग विहारात मोठा विधी होतो, भिक्खू बसून पठण करतात, आणि त्यानंतर ती पदकं भक्तांना दान घेऊन दिली जातात. लोक ते पुण्य म्हणून घेतात. तुम्ही जाऊन ‘पाचशे नग द्या, कमी किती कराल’ म्हणालात तर काही ठिकाणी देतीलही, पण ज्यासाठी ते ठेवलंय त्याच्याशी त्याचा मेळ बसत नाही. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, भिक्खूला सोनं-चांदी स्वीकारायला आणि खरेदी-विक्री करायलाही मनाई आहे. म्हणून दानाचा व्यवहार सहसा विहाराचे सेवक किंवा समितीची माणसं बघतात.

खरा बाजार विहाराच्या बाहेर आहे. चाओ फ्राया नदीकाठी था फ्रा चान म्हणून भाग आहे, वाट महाथात या विहाराच्या जवळ (‘वाट’ म्हणजे थाईत विहार). तिथे गल्ल्याच्या गल्ल्या याच मालाच्या. डोळ्याला भिंग लावून माणसं तासन् तास एकेक पदक बघत बसतात. जुन्या पदकांत सगळ्यात मानाचं म्हणजे ‘सोमदेत’. नदीपलीकडच्या वाट राखांगचे ‘सोमदेत तो’ नावाचे भिक्खू (१७८८–१८७२) यांच्या नावाशी जोडलेलं. अस्सल नग कोट्यवधींत जातो, आणि त्याच्या नकला फुटपाथवर ढिगाने मिळतात. बाहेरच्या माणसाने जुनं म्हणून काही घेतलं की तो फसलाच समजा. इथे प्रमाणपत्रं देणारे आहेत, स्पर्धा भरतात, मासिकं निघतात, तरी इथले मुरलेले लोकसुद्धा फसतात.

भावाचं म्हणाल तर एक गोष्ट जरूर सांगतो. दक्षिणेतल्या नाखोन सी थम्मरातची ‘चातुखाम रामाथेप’ नावाची मोठी गोल पदकं २००६-०७ मध्ये इतकी गाजली, की देशभर विहारांनी खेपांवर खेपा काढल्या. २००७ मध्ये पदकांसाठी झालेल्या रेटारेटीत एक बाई जिवानिशी गेली. पुढे वर्षभरात भाव पार कोसळला आणि लोकांच्या घरात पेट्याच्या पेट्या पडून राहिल्या. कापसात आणि केळीत आपण हे बघतोच, भाव चढला की सगळे तेच लावतात.

आता बाहेर नेण्याचं. बुद्धमूर्ती थायलंडबाहेर न्यायला इथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. अंगावर घातलेल्या छोट्या पदकाला कुणी अडवत नाही, ते स्वतःच्या श्रद्धेचं मानलं जातं. पण खोकंभर पदकं न्यायची तर तो व्यापार झाला, तिथे परवान्याचा प्रश्न येतो. विमानतळाच्या रस्त्यावर मोठाले फलकही लागलेले दिसतात, बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही, अनादर करू नका म्हणून. इथल्या माणसाला बुद्धाचं चित्र चपलेवर, पायात, कमरेखाली दिसलं की फार लागतं. तुम्ही पैंजणात किंवा कमरपट्ट्यात ती पदकं ओवलीत आणि फोटो ऑनलाइन टाकलेत तर इथली माणसं दुखावतील.

तापीकाठ (भुसावळ)
चाओफ्रायाकाठ भाऊ, फार उपयोगी लिहिलंत. पैंजणाचं माझ्या डोक्यातही नव्हतं, पण कानातल्यांचा विचार होता. कानातलं चालेल का? आणि मला जुनं काही नकोच आहे, नवीच पदकं हवीत.

चाओफ्रायाकाठ (मूळ अमळनेर, सध्या बँकॉक)
गळ्यातलं सगळ्यात बरं. कानातल्यात बुद्धाची मूर्ती नको, धम्मचक्र किंवा पिंपळपान करा. त्याला कुणाची ना नाही.

कोर्टवाली (धुळे)
कायद्याचं मी सांगते.

पहिली गोष्ट जाहिरातीची. १९५४ चा औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्यातल्या ‘चमत्कारी उपाय’ या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच हे सरळ नावानिशी आहेत. हे घातलं की मधुमेह जाईल, मूल होईल, असं लिहिलं की गुन्हा. ऑनलाइन लिहिलं तर उलट पुरावा आयता तयार राहतो. दुसरा २०१३ चा आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा. तथाकथित चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसे मिळवणं त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. ‘भंतेजींनी मंत्रलेलं’ एवढ्या शब्दांवर लगेच कुणी तुम्हाला उचलणार नाही, पण त्याच्यापुढे ‘संकट टळतं’, ‘धंदा वाढतो’ हे शब्द आपोआप येतात. तुम्ही नाही लिहिले तर तुमचा विक्रेता लिहील. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचं कलम आहे ते वेगळंच.

दुसरं, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ती पुरावशेष ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कुणी ‘दोनशे वर्षांपूर्वीचं पदक’ म्हणून विकायला देत असेल तर ते एक तर खोटं आहे, नाही तर चोरीचं असू शकतं. थायलंडच्या अयुथयातल्या वाट राचाबुराणा या विहाराच्या स्तूपातला सोन्याचा खजिना १९५७ मध्ये चोरांनीच फोडला होता. जुन्या स्तूपांच्या पोटातून निघालेला माल बाजारात फिरतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरं, आयात. विक्रीसाठी आणायचं तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. तो ऑनलाइन निघतो, फी पाचशे रुपये. मावसभावाच्या बॅगेत ‘घरच्यांसाठी’ म्हणून माल पाठवत राहिलात तर तो सापडला की जप्ती आणि दंड दोन्ही. बॅगेची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या सामानाला असते, दुकानाच्या मालाला नसते.

नंदुरबारी_दादा
ताईने लाखाची गोष्ट सांगितली. आमनी आहिराणीमा सांगू? गिऱ्हाईकले खरं सांगा, मंग माल खपो का ना खपो, रातले झोप तरी लागस.

सराफपोऱ्या (जळगाव)
आमच्याकडे सराफ बाजारात गेल्या काही पिढ्यांपासून काम आहे. धातूचं बोलतो.

चांदीचं काही आणायचं मनात असेल तर थांबा. थायलंडमधून मुक्त व्यापार कराराखाली चांदीचे दागिने फार यायला लागले म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये बिनखड्याच्या चांदीच्या दागिन्यांची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवाना लागायला लागला. हे आदेश बदलत राहतात, माल उचलायच्या दिवशी कस्टमच्या दलालाकडून ताजा आदेश बघून घ्या. सोन्याचं तर नावच नको, तिथे सहा अक्षर-आकडी हॉलमार्क क्रमांकाशिवाय विकताच येत नाही.

पितळी पदकात दुसराच घोळ असतो. वरचं पाणी उतरलं की घामाने मान हिरवी होते, आणि निकेल असलं तर खाज येते. भर उन्हाळ्यात भुसावळच्या ४५ अंशांत गळ्यात घालून बघा, आठवड्यात समजेल. मला विचाराल तर तुम्ही साचा इथेच बनवा. जळगावात साचा कापणारे, ओतकाम करणारे, पॉलिशवाले सगळे एका गल्लीत सापडतील. शुद्ध तांब्याचं किंवा चांगल्या पितळेचं पदक, मागे कडी पक्की जोडलेली. थायलंडचं भाडं, कस्टम, दलाली काही नाही. आणि जळगावचं काम म्हटलं की गिऱ्हाईक शुद्धतेवर विश्वास ठेवतं, तो विश्वास आपल्या आधीच्या लोकांनी कमावलेला आहे.

पाचवा_मैल (धुळे)
सराफपोऱ्या, तुझ्या गल्लीतून निघेल ते ‘थायलंडच्या विहारातलं’ कसं होईल? गिऱ्हाईक त्या नावाला पैसे देतं.

सराफपोऱ्या (जळगाव)
तेच तर. मग तो माल नावावर चालला, कामावर नाही. मी कामावर चालणारं बोलतोय.

अजिंठ्याचा_वाटाड्या (फर्दापूर)
लेणी बघायला थायलंड, श्रीलंका, जपानचे यात्रेकरू येतात. थाई मंडळी लेणी क्र. २६ मध्ये महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे बसतात, पठण करतात. एकदा एका म्हातारीने जाताना माझ्या हातावर मातीचं चपटं पदक ठेवलं आणि पैसे नको म्हणून हात हलवला. ते माझ्या घरी पुस्तकांच्या फळीवर आहे.

पण मला वेगळंच सांगायचंय. ही मातीची पदकं मुळात आपल्याकडूनच गेली आहेत. बोधगया, नालंदा अशा ठिकाणी मातीत दाबून केलेल्या छोट्या मुद्रा ढिगाने सापडल्या आहेत. वर बुद्ध किंवा स्तूप, आणि पुष्कळांवर ही गाथा:

ये धम्मा हेतुप्पभवा तेसं हेतुं तथागतो आह,
तेसं च यो निरोधो एवंवादी महासमणो.

म्हणजे जे जे कारणातून उपजतं त्याचं कारण तथागतांनी सांगितलं, आणि त्याचा निरोधही सांगितला. अस्सजी भिक्खूंनी, पुढे बुद्धांचा प्रमुख शिष्य झालेल्या सारिपुत्ताला हीच गाथा ऐकवली आणि त्याला वाट सापडली. यात्रेकरू त्या मुद्रा स्तूपात ठेवायचे, घरी न्यायचे. ही परंपरा समुद्रापलीकडे गेली, तिथे रुजली आणि हळूहळू तिच्याभोवती रक्षणाची कल्पना वाढली. धम्मसंध्या ताईंची आजी आणि ती थाई म्हातारी यांच्यात मला भांडण दिसत नाही. पण विकताना कुठली बाजू धरायची ते दुकानदाराने ठरवायला हवं.

जाता जाता, फर्दापुरात आमची पोरं पर्यटकांना स्फटिक आणि दगड विकतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधून निघतात ते. तिथेही कुणी ‘हीलिंग’ म्हणून विकतं आणि कुणी ‘हा झिओलाइट’ असं खनिजाचं खरं नाव सांगून. दुसऱ्याकडे परदेशी गिऱ्हाईक परत येतं. आणि लेण्यांना सोमवारी सुट्टी असते, येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. पाहुणे वळून जातात तेव्हा जीव तुटतो.

शेवभाजी_पारोळा
वाटाड्या भाऊ, सोमवारी आलो तर तुमच्याकडे भरीत-भाकरी तरी मिळेल का?

अजिंठ्याचा_वाटाड्या (फर्दापूर)
हिवाळ्यात या, बामणोदच्या वांग्यांचं करू. कळण्याची भाकरी, कांद्याची पात, पाहिजे तितकं.

नंदुरबारी_दादा
धागा बामणोदले जाई ऱ्हायना. परत येवा!

कोर्टवाली (धुळे)
एक राहिलंच. पदक कशाचं बनलंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. हस्तिदंत, वाघाचा दात, कातडीचा तुकडा घातलेले ताईतही तिकडे निघतात. २०१६ मध्ये कांचनाबुरीच्या त्या प्रसिद्ध व्याघ्रमंदिरावर तिथल्या वन्यजीव विभागाने छापा घातला, तेव्हा फ्रीजरमध्ये वाघाच्या पिल्लांचे चाळीस मृतदेह निघाले, आणि कातडी, दात, ताईत घेऊन बाहेर पडणारी गाडीही पकडली गेली. विहारातून आणलं म्हणजे स्वच्छच असेल असं धरू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे सापडलं तर वकील म्हणून मीसुद्धा फारसं काही करू शकणार नाही.

सुई_दोरा (चाळीसगाव)
मी मण्यांच्या माळा करते. आमच्याकडे थंडीत स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात, त्यांच्याकडून शिकले. त्यांच्यात गळ्यात ‘गाउ’ म्हणून छोटी डबी असते, आत प्रार्थना लिहिलेला कागद. एका मावशीला विचारलं, हे विकता का? ती म्हणाली, डबी विकू, आतलं विकत नाही. मला ते फार आवडलं. दादा, तुम्हीही डबी विका. मी खैराच्या आणि चंदनाच्या मण्यांच्या माळा देईन, १०८ च्या. मध्ये तुमचं पदक. पितळखोऱ्याची लेणी आमच्या चाळीसगावपासून जवळ आहेत, तिथल्या हत्तींच्या शिल्पावरून नक्षी काढता येईल. आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरी असलं काहीतरी शोधत असतात.

धम्मसंध्या (जळगाव)
सुई_दोरा ताई, अशी माळ मी स्वतः घेईन. आणि वाटाड्या भाऊंनी लिहिलेली ती गाथा पदकाच्या मागे कोरली तर मी माझ्या भाचरांसाठीही घेईन. कारणाशिवाय काही घडत नाही, हे पोराच्या गळ्यात असू दे की.

पाचवा_मैल (धुळे)
हे मलाही पटलं. पण माझं एक म्हणणं राहू द्या. मावसभाऊ तिकडे आहेच, तर थोडा थाई मालही ठेवा. लोकांना लांबून आलेल्या वस्तूचं अप्रूप असतं, त्यात वाईट काही नाही. फक्त कायद्याने आणा.

तापीकाठ (भुसावळ)
सगळं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं, ती आधीपासून धम्मसंध्या ताईंच्याच बाजूची होती.

ठरवलंय ते असं. विहारांतून घाऊक माल उचलायचा नाही. दानाची वस्तू आहे, ती दान देणाऱ्याकडेच राहू दे. मावसभावाला सांगितलंय, की तिथल्या कारखान्यात विधी न झालेली साधी पितळी पदकं मिळतात का ते बघ, बिलासकट. आयात कोडासाठी अर्ज करतोय, माल आला तर त्या वाटेनेच येईल. पण पहिली खेप जळगावच्या साच्यातली. पुढे धम्मचक्र, मागे ती गाथा, देवनागरीत. सोबत छोटी चिठ्ठी: धातू कोणता, कुठे घडवलं, गाथेचा अर्थ काय. ‘मंत्रलेलं’, ‘सिद्ध’, ‘रक्षण’ हे शब्द दुकानात कुठेच नाहीत, फोनवर सांगायलाही नाहीत.

सराफपोऱ्या, तांब्याचं पदक किती ग्रॅमचं धरायचं? आणि मागे एवढी गाथा बसेल का?

सराफपोऱ्या (जळगाव)
पदक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं धरा, म्हणजे गाथा दोन ओळींऐवजी कडेने गोल फिरवता येईल. अक्षर फार बारीक केलं तर ओतताना काना-मात्रा बुजतात, अनुस्वार तर पहिला जातो. आधी मेणाचा एक नमुना काढू, तो बघून वजन ठरवू. शनिवारी दुकानावर या, दुपारी चारनंतर, तोवर भट्टी थंड झालेली असते.

सुई_दोरा (चाळीसगाव)
कडीचं भोक मोठं ठेवायला सांगा हो. माझा दोरा जाड असतो.

धम्मसंध्या (जळगाव)
आणि ओतायच्या आधी गाथेचं शुद्धलेखन मला किंवा वाटाड्या भाऊंना दाखवा. ‘हेतुप्पभवा’ मधला जोड प हमखास चुकतो.

तापीकाठ (भुसावळ)
शनिवारी येतो. नमुन्याचा फोटो इथेच टाकतो, सगळ्यांनी तपासा.